खिशाला हात लागण्याआधी

एखादा पूल बांधायला किती खर्च आला हे हिशेबाच्या वहीत सापडतं. लोकांच्या लेखी त्या पुलाचं मोल किती, हे कुठे सापडणार? फ्रान्समधल्या ज्यूल द्युप्युई या स्थापत्य अभियंत्याने १८४४ साली हा प्रश्न हाती घेतला. त्याने सांगितलेला मार्ग सरळ होता. पुलावरचा टोल पायरीपायरीने वाढवत न्यायचा. प्रत्येक पायरीला काही माणसं गळतील. कुणी वळसा घालून दुसऱ्या वाटेने जाईल, कुणी जाणंच रद्द करेल. ज्या टोलला माणूस पूल सोडतो, तेवढं त्याच्यापुरतं त्या पुलाचं मोल. प्रत्यक्ष टोल त्याहून कमी असेल तर मधला फरक त्याच्या पदरात राहतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पुढे हाच फरक ग्राहकाचं संतोषाधिक्य म्हणून आला.

या विचारात कुणाला काही विचारावंच लागत नाही. माणूस पुलाशी येतो, टोल बघतो, जातो किंवा परत फिरतो. त्याचं वागणं हेच त्याचं उत्तर. आमच्यासारख्या सर्वेक्षण करणाऱ्यांची अडचण वेगळी असते, कारण आमच्याकडे काम येतं तेव्हा पूल बांधून झालेला नसतो. वस्तू अजून कागदावर असते, सेवा सुरू व्हायची असते, किंमत ठरवणारी माणसं टेबलाभोवती बसलेली असतात आणि त्यांना एक आकडा हवा असतो: ग्राहक किती द्यायला तयार आहे?

असा आकडा शोधणाऱ्या प्रश्नावल्या लिहिणं हे माझं काम. ‘कोणती पद्धत वापरू?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर पद्धतींच्या तुलनेत सापडेल अशी विचारणाऱ्याची समजूत असते. माझं मत आता वेगळं झालं आहे. आपण किती पैसे द्यायला तयार आहोत याचा आकडा माणसाच्या मनात आधीपासून तयार नसतो. प्रसंग समोर आला की तो तिथल्या तिथे घडतो: कुठे उभे आहोत, शेजारी दुसरं काय ठेवलं आहे, खिशात किती आहेत, सोबत कोण आहे, यावरून. म्हणून पद्धत निवडायची म्हणजे माणसाला कोणत्या प्रसंगात उभं करायचं ते ठरवायचं. प्रसंग चुकला तर माणसाने प्रामाणिकपणे दिलेलं उत्तरही आपल्या कामाचं नसतं, आणि त्यात त्या माणसाचा काहीही दोष नसतो.

रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली छापलेला एक प्रयोग मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. कडक उन्हात तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, थंड बिअर प्यावीशी वाटते आहे. मित्र म्हणतो, मी आणून देतो, जास्तीत जास्त किती किंमत असेल तर आणू ते सांग. काही जणांना सांगितलं की तो एका आलिशान हॉटेलातून आणणार आहे, काहींना सांगितलं की एका जुनाट किराणा दुकानातून. हॉटेलसाठी उत्तरांचा मध्यांक (निम्मी उत्तरं ज्याच्या खाली आणि निम्मी वर, तो आकडा) आला २.६५ डॉलर, दुकानासाठी १.५० डॉलर. बाटली तीच, तहान तीच, पिण्याची जागाही तीच. हॉटेलात बसून पिण्याचं सुख कुणाच्याच वाट्याला येणार नव्हतं. तरीही आकडा हलला, कारण अमुक ठिकाणी अमुक किंमत रास्त, हा माणसाच्या मनातला अंदाज त्यात मिसळलेला असतो. फसवलं जाण्याची भावना नको असणं हेसुद्धा मोल ठरवण्याचाच भाग आहे.

आता याच माणसाला कोऱ्या चौकटीसमोर बसवून ‘या वस्तूसाठी तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल?’ असं विचारा. ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत झटपट होणारी पद्धत. रोजच्या खरेदीत आपण किंमत सुचवत नाही. छापलेली किंमत वाचतो आणि घ्यायचं की नाही ते ठरवतो. कोरी चौकट त्याला असं काम सांगते जे त्याने एरवी क्वचितच केलेलं असतं. मग तो आधाराला काहीतरी शोधतो. आधीच्या प्रश्नात आलेला आकडा, तशाच वस्तूची ऐकीव किंमत, किंवा उत्पादनाला किती खर्च येत असेल याचा तर्क. शिवाय त्याला हेतूचा वासही येतो. आपल्या उत्तरावरून किंमत ठरणार असं वाटलं तर तो आकडा खाली ठेवतो. वस्तू बाजारात यावी असं मनापासून वाटत असेल तर वर. मी प्रश्नावली पक्की करण्याआधी काही लोकांसोबत बसते आणि त्यांना मोठ्याने विचार करत उत्तरं द्यायला सांगते. कोऱ्या चौकटीपाशी हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘तुम्हीच सांगा ना, साधारण केवढ्याला असतं हे?’ दुसरं, तितकंच खरं: ‘घरी विचारून सांगावं लागेल.’ ही दोन्ही वाक्यं आकड्याच्या रकान्यात मावत नाहीत, पण त्यांच्यात आकड्यापेक्षा जास्त माहिती असते. पहिल्यातून कळतं की या माणसाला वस्तूचा वर्गच अजून ओळखीचा नाही. दुसऱ्यातून कळतं की आपण चुकीच्या माणसाला विचारतो आहोत, किंवा निदान अर्ध्याच निर्णयकर्त्याला विचारतो आहोत.

या अडचणीवर डच अर्थशास्त्रज्ञ पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प यांनी १९७६ साली एक तोडगा मांडला. एका प्रश्नाऐवजी चार. कोणत्या किमतीला ही वस्तू इतकी स्वस्त वाटेल की तिच्या दर्जाची शंका येईल? कोणत्या किमतीला ती किफायतशीर वाटेल? कोणत्या किमतीपासून महाग वाटू लागेल, पण तरी विचार कराल? आणि कोणत्या किमतीला इतकी महाग वाटेल की विचारच सोडून द्याल? सगळ्यांची उत्तरं एकत्र करून चार चढत्या-उतरत्या रेषा काढायच्या आणि त्या एकमेकींना कुठे छेदतात ते पाहायचं. ‘फार स्वस्त’ आणि ‘फार महाग’ जिथे छेदतात तिला इष्टतम किंमत म्हणण्याची पद्धत आहे.

या पद्धतीतला पहिला प्रश्न मला फार आवडतो. किंमत ही नुसती अडवणारी भिंत नसते, ती दर्जाची खूणही असते, हे इतर बहुतेक पद्धती विसरतात. डॉक्टरचा सल्ला, लहान मुलाची वस्तू, जिवाशी संबंध असलेलं कुठलंही उपकरण घ्या. फार कमी किंमत पाहून माणूस मागे सरतो आणि मागणीची साधी रेषा हे मागे सरणं दाखवतच नाही. दुसरा गुण असा की माणसाला एका आकड्यावर अडकवण्याऐवजी ही पद्धत त्याला पट्टा सांगू देते, आणि माणसाच्या मनात बहुधा पट्टाच असतो.

पण तिच्या छेदनबिंदूंवर मी किंमत ठरवू देत नाही. या चार प्रश्नांत ‘घ्याल का?’ हे कुठेच विचारलेलं नाही. माणूस एखाद्या किमतीला किफायतशीर म्हणतो आणि तरीही ती वस्तू घेत नाही, कारण त्याला ती नकोच असते. दोन रेषा जिथे छेदतात तिथे मिळकत किंवा नफा जास्तीत जास्त का व्हावा, याला काही आधार नाही. ही उणीव ओळखून न्यूटन, मिलर आणि स्मिथ यांनी १९९३ साली दोन प्रश्नांची भर सुचवली: किफायतशीर म्हटलेल्या किमतीला आणि महाग म्हटलेल्या किमतीला प्रत्यक्ष घेण्याची शक्यता किती? एवढ्या भरीने तिला मागणीकडे नेणारा रस्ता मिळतो. माझ्या मते या पद्धतीची जागा सुरुवातीला आहे, जेव्हा लोक या वस्तूला कोणत्या पंक्तीत बसवतात हेच आपल्याला माहीत नसतं. मात्र वस्तू पूर्ण अनोळखी असेल तर तिथेही हात आखडता घ्यावा, कारण ज्याची कल्पनाच नाही त्याचं स्वस्त-महाग ठरवायला माणूस मापं कुठून आणणार?

याहून आधीची एक पद्धत आहे, नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या आंद्रे गाबोर आणि क्लाइव्ह ग्रेंजर यांची, १९६० च्या दशकातली. (ग्रेंजर यांना २००३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते वेगळ्याच कामासाठी, कालमालिकांच्या विश्लेषणासाठी.) इथे किंमत आपण सांगायची आणि माणसाने ‘घेईन’ किंवा ‘नाही घेणार’ एवढंच सांगायचं. मग दुसरी किंमत, मग तिसरी. रोजच्या खरेदीशी या प्रश्नाची ठेवण जुळते. म्हणून उत्तर देणाऱ्याला तो सोपा जातो आणि आपल्याला थेट मागणीची रेषा मिळते. कोणत्या किमतीला किती टक्के लोक टिकतात ते दिसतं, त्याला किमतीने गुणलं की मिळकतीचा डोंगर आणि त्याचं शिखरही.

तिचा धोका दुसऱ्या किमतीपासून सुरू होतो. ‘नाही’ म्हटल्यावर किंमत उतरली की माणसाला कळतं की घासाघीस चालू आहे, आणि घासाघिशीत कुणी आपला शेवटचा आकडा आधी सांगत नाही. याला शुद्ध उपाय एकच: एका माणसाला एकच किंमत दाखवायची आणि वेगवेगळ्या किमती वेगवेगळ्या गटांना, कोण कोणत्या गटात जाईल हे यदृच्छेने ठरवून. मग तुलनेची गोष्टच उत्तर देणाऱ्याला कळत नाही. पण हा उपाय महाग आहे. एका किमतीला ४० टक्के आणि दुसऱ्या किमतीला ३५ टक्के लोक ‘घेईन’ म्हणत असतील आणि हा फरक नेहमीच्या सांख्यिकी कसोटीवर (नसलेला फरक दिसण्याची शक्यता पाच टक्के, असलेला फरक पकडण्याची ऐंशी टक्के) खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात जवळपास १,५०० माणसं लागतात. पाच किमती तपासायच्या तर साडेसात हजार. बैठकीत हा आकडा सांगितला की शांतता पसरते, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘दोनशे लोकांत नाही का होणार?’ होत नाही. दोनशे लोकांत पाच टक्क्यांचा फरक हा बहुतेक वेळा नशिबाचा खेळ असतो, आणि त्यावर किंमत ठरवून वर्षभर पस्तावण्यापेक्षा दोनच किमती नीट तपासलेल्या बऱ्या.

या दोन्ही पद्धतींत किंमत एकटीच उजेडात उभी असते. बाजारात ती कधीच एकटी नसते. तिच्यासोबत वस्तूचे गुण असतात, शेजारी प्रतिस्पर्धी असतो आणि काहीच न घेता निघून जाण्याचा मोकळा दरवाजा असतो. हे सगळं एकत्र मांडायचा प्रयत्न म्हणजे कॉन्जॉइंट विश्लेषण. त्याचं बीज गणिती मानसशास्त्रात आहे: डंकन लूस आणि जॉन टुकी यांचा १९६४ चा निबंध. पॉल ग्रीन आणि विठ्ठला राव यांनी १९७१ मध्ये ते बाजारसंशोधनात आणलं. आज बहुतेक ठिकाणी वापरतात ती निवडीवर आधारलेली आवृत्ती, जॉर्डन लूव्हिएर आणि जॉर्ज वुडवर्थ यांनी १९८३ साली मांडलेली. समजा हेडफोन विकायचे आहेत. पडद्यावर तीन हेडफोन येतात. एकाची बॅटरी दीर्घकाळ टिकते पण हमी कमी, दुसरा बाहेरचा आवाज रोखतो पण महाग, तिसरा साधा आणि स्वस्त. चौथा पर्याय, यांपैकी काहीच नको. माणूस एक निवडतो. मग पुढचा पडदा, नवी जुळणी. अशा दहा-बारा निवडींतून प्रत्येक गुणाचं वजन काढता येतं, आणि किमतीचंही. गुणाच्या वजनाला किमतीच्या वजनाने भागलं की त्या गुणासाठी माणूस किती पैसे सोडायला तयार आहे ते निघतं.

या गणिताच्या मागे डॅनियल मॅकफॅडन यांचं निवडीचं प्रतिमान उभं आहे. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. त्यांच्या कामातला एक प्रसंग या क्षेत्रातल्या माणसाला नेहमी धीर देतो. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरात बार्ट ही रेल्वे सुरू होत होती. कामाला जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक ती वापरतील असा अधिकृत अंदाज होता. मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या प्रत्यक्ष प्रवासातल्या निवडींवरून अंदाज काढला: ६.३ टक्के. गाडी सुरू झाल्यावर आकडा आला ६.२ टक्के. लोकांनी स्वतःबद्दल काय सांगितलं यावर हा अंदाज उभा नव्हता. वेळ, भाडं, चालण्याचं अंतर यांच्या देवाणघेवाणीत ते आधीच काय निवडत होते, त्यावर उभा होता.

कॉन्जॉइंटचं बळ मला इथेच दिसतं: ते माणसाला देवाणघेवाण करायला लावतं. डॅन एरिअली, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि द्राझेन प्रेलेक यांच्या २००३ च्या प्रयोगाशी हे जुळवून पाहावं. विद्यार्थ्यांना आपल्या सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे (अमेरिकेतल्या सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे दोन अंक डॉलरमध्ये लिहायला सांगितलं, त्या किमतीला वस्तू घ्याल का ते विचारलं, आणि मग जास्तीत जास्त किती द्याल ते. बिनतारी कीबोर्डसाठी सर्वांत लहान अंकांच्या गटाने सरासरी सोळा डॉलर सांगितले, सर्वांत मोठ्या अंकांच्या गटाने जवळपास छप्पन्न. त्या दोन अंकांचा वस्तूशी काडीचा संबंध नव्हता. पण दोन्ही गटांत कीबोर्ड हा ट्रॅकबॉलपेक्षा (माउससारख्या एका उपकरणापेक्षा) मोलाचाच ठरला. म्हणजे कशाला जास्त आणि कशाला कमी, हा क्रम पक्का राहतो. पट्टीचं शून्य मात्र कुठेही सरकवता येतं. हे वाचल्यापासून मी सापेक्ष प्रश्नांवर जास्त विश्वास ठेवते आणि निरपेक्ष आकड्यांपाशी थांबून दोनदा विचार करते.

तरी कॉन्जॉइंटचा अहवाल आला की त्यातला ‘या गुणासाठी ग्राहक इतके पैसे द्यायला तयार’ हा तक्ता मी सगळ्यांत शेवटी उघडते. कारणं आहेत. ज्या माणसाला किमतीची फारशी फिकीर नाही, त्याच्या बाबतीत भागाकाराचा छेद शून्याजवळ जातो आणि उत्तर आभाळाला भिडतं. असे थोडे लोक पूर्ण सरासरी ओढून नेतात. दुसरं, एखाद्या गुणाचे जास्त टप्पे दाखवले की तो गुण निकालात जास्त महत्त्वाचा दिसू लागतो. किमतीचे पाच टप्पे आणि हमीचे दोनच ठेवले, तर आपणच तराजूच्या एका पारड्याला बोट लावलेलं असतं. तिसरं कारण मला सगळ्यांत गंभीर वाटतं. ग्राहक एखाद्या गुणासाठी अमुक रक्कम द्यायला तयार आहे म्हणजे आपण तेवढी किंमत वाढवू शकतो, असं होत नाही. प्रतिस्पर्धी झोपलेला नसतो. तो किंमत उतरवतो, तोच गुण आणतो. म्हणून तक्त्यापेक्षा सिम्युलेटर वापरावा: बाजारात समोर काय काय असेल ते मांडायचं, आपली किंमत हलवायची आणि कुणाचा वाटा कुठे जातो ते पाहायचं. आणि ‘काहीच नको’ हा पर्याय कधीही काढू नये. तो ठेवला तर आकडे उतरतात म्हणून तो गाळण्याची सूचना अधूनमधून येते. तो गाळला की आपण दुकानाचं दार बाहेरून बंद करून आत लोक किती खरेदी करतात ते मोजत बसतो.

या सगळ्यात एक जुनी, मूलभूत शंका उरतेच. सर्वेक्षणात पैसे द्यावे लागत नाहीत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. या शंकेची सगळ्यांत मोठी परीक्षा झाली ती ग्राहकांच्या वस्तूवर नाही, तर समुद्रावर. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं आणि सुमारे एक कोटी दहा लाख गॅलन तेल पाण्यात गेलं. नुकसानभरपाई किती? कोळ्यांचं बुडालेलं उत्पन्न मोजता येतं. जे लोक अलास्काला कधी जाणारही नाहीत, पण तो किनारा स्वच्छ राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्या नुकसानीला बाजारभाव नाही. रिचर्ड कार्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कुटुंबांना विचारलं: पुन्हा अशी गळती होऊ नये म्हणून जहाजांसोबत संरक्षक नौका ठेवण्याची योजना आहे, तिच्यासाठी एकदाच इतका कर भरावा लागेल, तुम्ही बाजूने मत द्याल का? मध्यांक निघाला कुटुंबामागे सुमारे ३१ डॉलर, आणि एकूण अंदाज २.८ अब्ज डॉलर.

साहजिकच वाद पेटला. एक्सॉनच्या पैशाने झालेल्या एका अभ्यासात स्थलांतरित पक्षी वाचवण्यासाठी किती द्याल असं विचारलं होतं. २,००० पक्ष्यांसाठी सरासरी ८० डॉलर, २०,००० पक्ष्यांसाठी ७८, दोन लाखांसाठी ८८. शंभरपट पक्षी, आकडा जवळपास तोच. लोक पक्ष्यांचं मोल सांगत होते की आपल्या चांगुलपणाचं? शेवटी अमेरिकेच्या सागरी आणि वातावरणीय प्रशासनाने केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल मानकऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. तिचा अहवाल १९९३ साली आला. अशा सर्वेक्षणाला तिने नाकारलं नाही, पण अटी कडक घातल्या: कोऱ्या चौकटीत आकडा मागू नका, मतदानासारखा हो-नाही प्रश्न विचारा; समोरासमोर विचारा; हा पैसा दुसऱ्या कशावर खर्च करता आला असता आणि दुसरे पर्याय कोणते, याची उत्तर देण्याआधी आठवण करून द्या; आणि हो किंवा नाही का म्हणालात, तेही विचारा.

नेहमीच्या बाजारसंशोधनात हा अहवाल फारसा वाचला जात नाही, याची मला खंत वाटते. त्यातली आठवण करून देण्याची अट एका ओळीत पाळता येते. रोनाल्ड कमिंग्ज आणि लॉरा टेलर यांनी १९९९ साली एक पाऊल पुढे जाऊन दाखवलं: अशा काल्पनिक प्रश्नांना लोक खऱ्यापेक्षा जास्त ‘हो’ म्हणतात, ही गोष्टच उत्तर देणाऱ्यांना आधी मोकळेपणाने समजावून सांगितली, तर त्यांच्या प्रयोगांत उत्तरं खऱ्या पैशांच्या उत्तरांजवळ आली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे तितका टिकला नाही. तरीही समोरच्याला विश्वासात घेण्याची ही रीत मला मनापासून पटते. आपण त्याला पकडायला बसलेलो नाही. त्याच्यासोबत एक अवघड अंदाज बांधतो आहोत.

खरे पैसे लावणं शक्य असेल तिथे मात्र लावावेत. त्याची युक्ती बेकर, डीग्रूट आणि मार्शाक या तिघांनी १९६४ सालीच दिली आहे. माणसाने आपला जास्तीत जास्त आकडा सांगायचा. मग एक किंमत चिठ्ठी काढून ठरवायची. चिठ्ठीतली किंमत सांगितलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी निघाली तर वस्तू घ्यायची, आणि पैसे चिठ्ठीतल्या किमतीएवढेच द्यायचे. जास्त निघाली तर खरेदी नाही. आकडा कमी सांगून पैसे वाचत नाहीत, नुसती हवी असलेली वस्तू हातची जाऊ शकते. जास्त सांगितला तर नको त्या किमतीला घ्यावी लागेल. खरं सांगण्यातच हित. क्लाउस वेर्टेनब्रोख आणि बर्न्ड स्किएरा यांनी २००२ साली हे प्रत्यक्ष खरेदीच्या ठिकाणी करून पाहिलं, तेव्हा आकडे काल्पनिक प्रश्नांपेक्षा खाली आले. मिन डिंग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॉन्जॉइंटलाही खऱ्या परिणामाची जोड दिली; निवडीतून जे निघेल ते सहभागींना खरंच मिळणार होतं, आणि तशा निवडींवरून पुढचं वागणं अधिक चांगलं ओळखता आलं. अडचण उघड आहे: हातात वस्तू हवी, आणि ती लगेच विकता येण्याजोगी हवी. न बांधलेल्या घरासाठी किंवा पुढच्या वर्षी येणाऱ्या यंत्रासाठी चिठ्ठी काढता येत नाही. शिवाय खरे पैसे लावले म्हणून सगळे दोष जात नाहीत. दोन अंकांच्या त्या प्रयोगातही खरेदी खरी होऊ शकणार होती, तरी अंकांनी आपला प्रभाव पाडलाच.

मग किती फरक पडतो? जोनास श्मिट आणि टॅमो बाइमोल्ट यांनी २०२० साली ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. काल्पनिक पद्धती खऱ्या आकड्यापेक्षा सरासरी सुमारे २१ टक्के जास्त सांगतात. मला चकित केलं ते पुढच्या निष्कर्षाने: आडून विचारणाऱ्या पद्धती, म्हणजे कॉन्जॉइंटसारख्या, थेट प्रश्नापेक्षा जास्त फुगवतात. अत्याधुनिक म्हणजे अचूक, हे समीकरण तिथे मोडतं. आणि २०११ साली क्लाउस मिलर आणि सहकाऱ्यांनी कोरी चौकट, कॉन्जॉइंट आणि खऱ्या पैशांच्या पद्धती एकमेकींशेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा दिसलं की आकडा फुगलेला असूनही पद्धत किमतीचा योग्य निर्णय देऊ शकते. पातळी चुकली तरी किमतीबरोबर मागणी कशी बदलते तो उतार बरोबर पकडला गेला, तर निर्णय तरतो.

म्हणून आता माझ्याकडे कुणी पद्धत विचारायला आलं की मी आधी विचारते, निर्णय काय घ्यायचा आहे? दोन किमतींत एक निवडायची असेल तर त्या दोनच किमती यदृच्छ गटांत विभागून दाखवाव्या. त्याला कॉन्जॉइंटचा थाट लागत नाही. कोणते गुण ठेवायचे आणि कोणते काढायचे हा प्रश्न असेल तर कॉन्जॉइंटला पर्याय नाही. वस्तू नवी आहे आणि लोक तिला कुठल्या रांगेत बसवतात तेच माहीत नसेल, तर चार प्रश्न आणि सोबत दहा-वीस निवांत मुलाखती. एकूण विक्री किती होईल याचा नक्की आकडा हवा असेल, कारखाना त्यावर उभा राहणार असेल, तर एकट्या सर्वेक्षणावर विसंबू नका. थोड्या प्रमाणात खरंच विकून पाहा आणि सर्वेक्षणाचं शून्य त्या विक्रीवरून सरळ करून घ्या.

आणि कुणाला विचारता ते पाहा. सध्याच्या ग्राहकांच्या यादीवर सर्वेक्षण पाठवणं सोपं असतं, पण ती यादी सध्याची किंमत मान्य केलेल्यांची असते. जे महाग म्हणून परत फिरले ते त्यात नाहीत.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला तांत्रिक चुकांपेक्षा जास्त अस्वस्थ करते. ‘देण्याची तयारी’ म्हणून आपण जे मोजतो त्यात देण्याची ऐपत मिसळलेली असते. औषध, शिक्षण, प्रवास अशा सेवांसाठी कमी आकडा सांगणाऱ्याची गरज कमी असते असं अजिबात नाही. बऱ्याचदा ती सर्वांत तीव्र असते. सगळ्यांच्या आकड्यांची एक सरासरी काढली की ही दोन प्रकारची ‘कमी’ एकमेकांत विरघळून जातात: एक, ज्याला वस्तू नको, दुसरा, ज्याला ती हवी आहे पण झेपत नाही. पहिल्यासाठी वस्तू बदलावी लागते. दुसऱ्यासाठी लहान आवेष्टन, हप्ते, वेगळा दर किंवा सरळ सवलत लागते. एकाच आकड्यातून हे कळायचा मार्ग नाही, म्हणून मी प्रत्येक ‘नाही’नंतर कारण विचारते, गरज किती आहे ते किमतीपासून अलग विचारते आणि उत्पन्नाच्या गटांप्रमाणे निकाल फोडून दाखवते. प्रश्नावली त्यामुळे लांबते, आणि लांबी कमी करा असा आग्रह झाला की मी दुसरे प्रश्न काढते.

अहवालातही ‘नाही’ म्हणणाऱ्यांचं एक वेगळं प्रकरण ठेवते, त्यांच्याच शब्दांतली उत्तरं घेऊन. कोणत्या किमतीला जास्तीत जास्त मिळकत होईल ते दाखवणाऱ्या आलेखाच्या लगेच पुढे ते येतं. किंमत ठरवणारे तो आलेख पाहतातच. पान उलटलं की त्या किमतीला कोण बाहेर राहतं आणि का, हे त्यांच्यासमोर असतं.